पॅटर्नवरून विणलेला हत्ती मान का टाकतो?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्या वर्षानुवर्षं दोन सुयांवर स्वेटर, टोपरी, मोजे विणत आल्या आहेत. दीड वर्षाच्या नातीसाठी त्यांनी एक इंग्रजी पॅटर्न, म्हणजे विणायची लेखी कृती, विकत घेऊन हत्ती विणायला घेतला. डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर, लेबलवर लिहिलेल्या ४ मिमीच्या सुया, प्रत्येक ओळीचे टाके मोजून बरोबर. तरी भरल्यावर टाक्यांच्या फटींतून पांढरं रेक्रॉन (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) डोकावतंय, डोकं एका बाजूला कलतंय आणि चेहरा चित्रातल्यासारखा गोड न दिसता रागावलेला दिसतोय. विणकामात नेमकं कुठे चुकलं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमचं विणकाम बरोबर आहे. अडचण अशी की तुम्ही हत्ती स्वेटरसारखा विणलात आणि स्वेटरसारखाच शिवलात. स्वेटरमध्ये नव्वद टक्के काम सुयांवर होतं, जोडणी शेवटच्या संध्याकाळी उरकते. खेळण्यात तसं नसतं. सुयांवरून उतरतात ते नुसते चपटे तुकडे. त्यांचा हत्ती होतो तो भरताना आणि शिवताना. पॅटर्न लिहिणारे विणकामाला चार पानं देतात आणि जोडणीला अर्धं पान, त्यामुळे आपणही वेळाची वाटणी तशीच करतो. मी शिकवते तेव्हा पहिल्यापासून सांगते की जेवढा वेळ विणायला लागला तेवढाच भरण्या-शिवण्यासाठी राखून ठेवा.

आधी त्या फटींचं बघू. लेबलवर ४ मिमी आणि १० सेंमीत २२ टाके लिहिलेलं असतं ते अंगावर घालायच्या कपड्यासाठी. कपडा लवचीक हवा, अंगावर पडायला हवा. खेळण्यात आतून भरण सगळ्या बाजूंनी दाबत असतं, आणि सुलट-उलट ओळींची वीण आडवी भरपूर ताणते. म्हणून त्याच लोकरीला ३.२५ किंवा ३ मिमीची सुई घ्यायची. १० सेंमीत २६ ते २८ टाके बसले पाहिजेत. हाताला वीण थोडी कडक लागेल, पहिल्या दिवशी बोटं दुखतील, पण खेळण्याला तीच वीण लागते. तपासायचं कसं? २० टाक्यांचा, २५-३० ओळींचा नमुना विणा, मुठीवर पांढरा रुमाल ठेवून त्यावर तो ताणून धरा. रुमाल दिसला तर आणखी एक नंबर बारीक सुई. नमुना सपाट ठेवून मोजण्यापेक्षा ही परीक्षा खेळण्यासाठी जास्त खरी.

सुयांच्या नंबरांचा घोळ इथेच सांगून टाकते, कारण त्यापायी बरेच जण फसतात. आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर ३.२५, ११ नंबर ३, १४ नंबर २ मिमी. अमेरिकन नंबर नेमके उलटे. त्यांची १० नंबरची सुई ६ मिमीची, आपली १० नंबरची जवळजवळ तिच्या निम्मी. त्यांच्या ३ नंबरला ३.२५ मिमी, तर ब्रिटिश ३ नंबरला ६.५ मिमी. म्हणून पॅटर्नमधला नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर बघा. मिलिमीटर दिलेच नसतील तर पॅटर्न कुठला आहे आणि किती जुना आहे ते आधी शोधा. लोकर औंसांत दिलेली असेल आणि सुया नुसत्या नंबरांत, तर तो बहुधा जुना ब्रिटिश पॅटर्न असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडे खेळणी मिळेनाशी झाली, लोकरही रेशनवर गेली, तेव्हा घरोघरी जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे प्राणी विणले गेले. त्या परंपरेतले पॅटर्न दोन सुयांवर सपाट विणायचे असतात. आपल्याकडच्या विणणाऱ्यांना ते फार सोयीचे, कारण चार किंवा गोल सुयांची सवय आपल्यात थोड्यांनाच असते.

आणखी एक: चित्रात दिसणारा प्राणी सुयांचा आहे की क्रोशाचा, हे खरेदीआधी नीट पाहा. जपानी पद्धतीचे अमिगुरुमी प्राणी बहुतेक क्रोशाचे असतात. क्रोशाची वीण मुळातच जाड आणि कमी ताणणारी, त्यामुळे तिथे फटींचा त्रास कमी. एकाचा पॅटर्न दुसऱ्यावर टाक्याला टाका उतरत नाही.

सुई बदलली की प्राण्याचा आकार बदलतो, आणि तो दिसतो त्याहून जास्त बदलतो. उंची सव्वापट झाली तर आत भरायला जवळजवळ दुप्पट रेक्रॉन लागतं, कारण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही वाढतात. म्हणून हाताचा ताण सगळ्या तुकड्यांना एकच हवा. दमल्यावर हात सैल पडतो; आज विणलेला डावा कान आणि आठवड्याने विणलेला उजवा कान वेगळे निघतात. कान, हात, पाय अशा जोडीच्या तुकड्यांना मी दोन गुंडे घेऊन एकाच सुईवर शेजारी-शेजारी विणते. दोन्ही एकदमच संपतात आणि ओळ चुकली तरी दोघांत सारखी चुकते.

पॅटर्नमधल्या खुणा तुम्हाला येतातच, त्यामुळे त्यावर थांबत नाही. फक्त घट-वाढीचं लक्षात ठेवा. 'के टू टॉग', म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, हा टाका उजवीकडे झुकतो. 'एसएसके'मध्ये दोन टाके एकेक करून सुलटसारखे न विणता उजव्या सुईवर घ्यायचे आणि मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे. तो डावीकडे झुकतो. स्वेटरच्या काखेत दोन्हीकडे एकच प्रकार केला तर कोणाच्या लक्षात येत नाही. सोंडेच्या दोन्ही बाजूंना एकच केला तर सोंड वाकडी दिसते. त्यामुळे चेहऱ्याच्या तुकड्यांत पॅटर्न सांगेल तो प्रकार, सांगेल त्याच जागी. ओळीच्या शेवटी कंसात दिलेला टाक्यांचा आकडा प्रत्येक घट-वाढीनंतर मोजून जुळवा.

गोल आकार कसा बनतो हे एकदा कळलं की कुठल्याही पॅटर्नची भीती राहत नाही. सुलट-उलट विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो. १० सेंमीत २२ टाके बसले तर ओळी सुमारे ३० बसतात. चेंडूचा मधला घेर ३२ टाक्यांचा असेल तर खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर त्या घेराच्या निम्मं, म्हणजे १६ टाक्यांच्या रुंदीएवढं, आणि तेवढ्यात साधारण २२ ओळी मावतात. आता हे डोकं बघा. ८ टाके घाला, एक ओळ उलट. पुढच्या ओळीत प्रत्येक टाका वाढवा, म्हणजे एका टाक्याचे दोन करा, १६. उलट ओळ. मग एक सुलट, एक वाढवा, असं शेवटपर्यंत, २४. उलट ओळ. दोन सुलट, एक वाढवा, ३२. मग ९ ओळी सरळ, उलटने सुरू आणि उलटनेच शेवट. आता त्याच पायऱ्यांनी उतरा: दोन सुलट, दोनाचा एक, २४, उलट ओळ, एक सुलट, दोनाचा एक, १६, उलट ओळ, सगळे दोनाचे एक, ८. लोकर लांब ठेवून कापा, सुईत ओवून त्या आठ टाक्यांतून काढा आणि ओढा. सगळ्या मिळून २० ओळी आणि टोकांची ओढ; गणित जमलं. मधल्या ९ ओळींच्या १५ केल्या की लांबट डोकं होतं, ५ केल्या की चपटं. हत्तीचं कपाळ उंच हवं तर वरच्या भागात दोन ओळी वाढवा. इथपर्यंत आलात की पॅटर्न तुम्हाला बांधून ठेवत नाही.

भरण. रेक्रॉन मुठीमुठीने कोंबू नका. गादीवाला कापूस पिंजतो तसं ते बोटांनी आधी मोकळं करून घ्या, मग छोटे छोटे पुंजके घाला. सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरुवात, म्हणजे सोंडेचं टोक, पायाचा तळवा. पेन्सिलीचं मागचं, बोथट टोक ढकलायला चांगलं. गोळा करून घातलेलं रेक्रॉन बाहेरून गाठीसारखं दिसतं आणि वापरता वापरता गाठींच्या मध्ये खड्डे पडतात. किती भरायचं? बऱ्याच जणी थोडंच भरतात, कारण मऊ खेळणं हवं असतं. पण मूल महिनाभर कुशीत दाबून ठेवतं तेव्हा भरण बसतं, म्हणून पहिल्या दिवशी हाताला थोडं जास्तच कडक लागलं पाहिजे. पोट जरा मऊ चालेल. मान मात्र सगळ्यात घट्ट.

आता मान. तुमचं डोकं कलतंय याची कारणं बहुधा दोन. एक, डोकं आणि धड वेगवेगळं भरून, दोन्ही तोंडं बंद करून मग जोडलंय. त्यामुळे मध्ये आधार नाही, नुसती शिवण आहे. दोन, ती शिवण लहान गोलात घेतली आहे. धडाचं वरचं तोंड उघडंच ठेवा, डोक्याच्या खालचंही उघडं ठेवा, आणि दोन्हींत अर्धा-अर्धा जाईल असा रेक्रॉनचा घट्ट वळलेला लोळ मध्ये घाला. मग डोकं धडावर टेकवून जितक्या मोठ्या गोलात शिवता येईल तितक्या मोठ्या गोलात शिवा, आणि एक फेरा पूर्ण झाल्यावर दुसरा फेरा पहिल्याच्या किंचित बाहेरून घ्या. शिवत असताना शेवटचं बोटभर तोंड राहिलं की थांबून तिथून आणखी रेक्रॉन ठासा. बऱ्याच पॅटर्नमध्ये मानेच्या ओळीतून धागा ओवून आवळायला सांगितलेलं असतं. सशाला, माकडाला ते शोभतं. जड डोक्याच्या हत्तीला नको. हत्तीला मान दिसायला नकोच असते.

हत्ती निवडलात ते मला फार आवडलं. जाड पाय, आखूड मान, मोठे कान, त्यामुळे तो उभाही राहतो आणि बसतोही. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये बनवलेला पहिला प्राणीही हत्तीच होता, फेल्टचा. तो होता टाचण्या टोचायची उशी. मुलांनी त्याचं खेळणं करून टाकलं आणि त्यातून पुढे त्यांचा खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

शिवण बाहेरून घ्या, सुलट बाजू वर ठेवून. दोन्ही कडा शेजारी ठेवायच्या, पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधली आडवी दांडी एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची सुईवर घ्यायची, चार-पाच झाल्या की धागा ओढायचा. शिवण आत गडप होते. याला मॅट्रेस स्टिच म्हणतात. सोंड किंवा हात अशा अरुंद नळ्यांत पूर्ण टाका आत गेला तर जाडी वाढते, तिथे अर्ध्याच टाक्यावरून शिवा. टाके घालताना आणि बंद करताना हातभर धागा सोडून ठेवलात तर शिवायला तोच उपयोगी पडतो, नवीन गाठ मारावी लागत नाही. तुकड्यांना इस्त्री करू नका. अ‍ॅक्रिलिक गरम इस्त्रीने कायमचं चपटं आणि लोळागोळा होतं, परत उभारी धरत नाही.

सोंडेला बाक हवा असेल तर खालच्या शिवणीतून एक धागा धावदोऱ्यासारखा घालून हळूहळू ओढा, हवा तेवढा बाक आला की पक्का करा. कान सुलट-उलट विणीत विणलेत तर कडा गुंडाळल्या जातात. दोन थर जोडा, नाहीतर सगळ्या ओळी सुलट विणा; ती वीण सपाट राहते.

चेहरा रागावलेला का दिसतो? कारण डोळे बहुतेक फार वर आणि फार जवळ आलेत. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यात खाली असलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल हे पिल्लाचं रूप दिसलं की माणसाला माया वाटते. विणकामात याचा अर्थ अगदी सरळ आहे: डोळे डोक्याच्या अर्ध्या उंचीवर किंवा त्याच्याही खाली, आणि एकमेकांपासून लांब. एक टाका खाली-वर झाला तरी स्वभाव बदलतो. म्हणून आधी काही शिवू नका. रंगीत डोक्याच्या लांब टाचण्या घ्या, कान, सोंड आणि डोळ्यांच्या जागा टाचून ठेवा, आणि हत्ती टेबलावर ठेवून समोरून, वरून, मागून बघा. मग ओळी मोजा. डावा कान १४ व्या ओळीवर सुरू होत असेल तर उजवाही १४ व्या ओळीवर. विणकामात प्रत्येक टाका म्हणजे आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन. डोळ्याच्या अंदाजापेक्षा तो मोजणं भरवशाचं. रात्री टाचून ठेवून सकाळी पुन्हा पाहा. सकाळी चूक लगेच दिसते. टाचण्या किती वापरल्या ते मोजून ठेवा आणि काढताना तेवढ्याच निघाल्या याची खात्री करा. लोकरीत शिरलेली टाचणी बाहेरून दिसत नाही.

डोळे काळ्या धाग्याने भरतकामासारखे भरा. भरल्यावर त्याच धाग्याने सुई डोळ्याच्या जागेतून डोक्याच्या खालच्या बाजूला काढून हलकेच ओढा, तिथे पक्की करा. डोळा किंचित आत जातो, खोबणी तयार होते आणि चेहऱ्याला जीव येतो. काळ्याच्या शेजारी पांढऱ्या धाग्याचा एक बारीक टाका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

नात दीड वर्षाची आहे, तेव्हा प्लॅस्टिकचे डोळे, बटणं, मणी, घुंगरू काहीही नको. 'सेफ्टी आईज' या नावाने मिळणारे डोळे मागच्या चकतीने घट्ट बसतात हे खरं, पण ते कापडात. विणीचा टाका ओढला की पसरतो आणि चकतीसकट डोळा बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग किती लहान म्हणजे धोक्याचा, हे तपासायला ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जो मावतो तो घशात अडकू शकतो. बाजारात नेहमी मिळणारे डोळे तिच्यात सहज मावतात. गळ्यात लांब रिबीनही बांधू नका. आणि हाच हत्ती उद्या तान्ह्या बाळाला द्यायचा झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी तो ठेवू नये, जागेपणी समोर बसून खेळवावा.

भरणासाठी रेक्रॉनच चांगलं. कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आत ओल धरतो. बाळाच्या उशीत मोहरी भरतात म्हणून कोणी हत्तीच्या पायांत वजनासाठी मोहरी किंवा तांदूळ घालायला सुचवेल. नको, धुतलं की वाया जातं, किडे होतात आणि वीण उसवली की दाणे तोंडात. लोकर अ‍ॅक्रिलिक घेतलीत हे या वयाला योग्यच. शुद्ध लोकरीला कसर लागते आणि घरच्या धुण्यात ती आटते. गडद लाल-काळी लोकर वापरणार असाल तर तिचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा, रंग सुटतो का ते कळेल. मूल कान चोखणारच.

शेजारपाजारच्या बायका असे हत्ती विकत मागायला लागतील, तेव्हा एक माहीत असू द्या. केंद्राचा खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिली गेली. विक्रीचा विचार असेल तर ती नोंदणी आधी करा. पॅटर्नच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर त्यावरून बनवलेली वस्तू विकायला परवानगी आहे की नाही तेही लिहिलेलं असतं.

आता तुमच्या समोरच्या हत्तीचं काय करायचं. तो उसवू नका. सगळे तुकडे ४ मिमीवर झालेत, तेव्हा फक्त डोकं बारीक सुईवर पुन्हा विणलंत तर ते धडापुढे लहान पडेल. त्यापेक्षा मानेची शिवण उसवा, सगळं रेक्रॉन बाहेर काढा. लोकरीच्या रंगाच्या जवळचा एखादा पातळ, ताणणारा पायमोजा किंवा जुन्या होजिअरी बनियनचा तुकडा घ्या, धडाच्या आणि डोक्याच्या आकाराच्या पिशव्या शिवा, त्या आत घाला आणि रेक्रॉन त्या पिशव्यांत भरा. फटी ताणलेल्याच राहतील, पण आतून पांढरं दिसणार नाही, राखाडीच्या आत राखाडी दिसेल. सोंड आणि पाय अरुंद असल्यामुळे कमी ताणतात, त्यांना अस्तर लागेलच असं नाही. मग मानेत लोळ, मोठ्या गोलात दोन फेरे. डोळ्यांचे टाके काळजीपूर्वक कापून काढा, टाचण्या लावून दोन-तीन ओळी खाली आणि दोन-दोन टाके बाहेर सरकवून बघा. कान आधी शिवलेले असतील तर तेही सोडवा, कारण डोळे खाली आले की कानही खाली यावे लागतात, नाहीतर कपाळ नुसतं रिकामं दिसतं. उरलेली लोकर जपून ठेवा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपांमध्येही, छटेचा फरक पडतो आणि वर्षभरात सोंडेचं टोक नक्की रफू करावं लागेल.